एक ओंडका कमी

हेइमो रास्तास फळ्यावर खडूने रेघा ओढतो.
चार उभ्या, पाचवी आडवी.
केमीच्या लाकूड गिरणीत एकतीस वर्षं हेच.
आता वर कॅमेरा आहे, लेझर आहे, आमचा प्रोग्रॅम आहे,
तरी ओढतो.

शुक्रवारी त्याचा फोन आला.
"चार हजार एकशे चौदा ओंडके गेले.
तुमचं यंत्र तेरा म्हणतं."
मी म्हटलं, मोजताना चुकला असाल.
तो काही बोलला नाही.
आमच्याकडे न बोलणं हेही उत्तरच असतं,
आणि मी ते न वाचताच फोन ठेवला.

माझ्या लॅपटॉपवर सगळं ठीक होतं.
हजार वेळा चालवलं, हजार हिरव्या खुणा.
पण लॅपटॉप जुना, दोन कोअरचा;
गिरणीतल्या यंत्रात सोळा हात
एकाच वहीत लिहितात.

ओळ एवढीच:
मोजणी = मोजणी + १.
शाळेतल्या पोरालाही यात खोट दिसणार नाही.
पण ती एक ओळ नव्हतीच.
वाच. मिळव. लिही.
एकाने वाचलं ४११२.
त्याचा हात वहीला टेकायच्या आत
दुसऱ्यानेही वाचलं ४११२.
दोघांनी इमानाने एक मिळवला,
दोघांनी लिहिलं ४११३.
कोणी खोटं बोललं नाही,
आणि पाइनचं एक अख्खं झाड
हिशेबातून नाहीसं झालं.

हे सगळं नंतर कळलं.
तेव्हा मी फक्त छापायची एक ओळ मध्ये घातली: "इथे आले."
आणि चूक थांबली.
ओळ काढली, आठ दिवसांनी परत आली.
पाहुण्यांपुरतं शहाण्यासारखं वागणारं पोर.
छापायला लागणारा तेवढा क्षण
दोघांना एकमेकांच्या वाटेतून सरकवत होता.

तैमी म्हणाली, वाट काय बघतेस, भांडण लाव.
तिने ओळींच्या फटीत डुलक्या पेरल्या,
कुठे एक मायक्रोसेकंद, कुठे चाळीस,
फासे टाकून,
आणि प्रत्येक दानाचा आकडा लिहून ठेवला.
ओउलूहून चौसष्ट कोअरचं मशीन उसनं आणलं.
बाहेर उणे सत्तावीस,
आत ते रात्रभर इतकं तापलं
की आम्ही स्वेटर काढून बसलो.

तीन वाजून चाळीस. लाल.
दान क्रमांक ८८०२१७.
तेच दान पुन्हा टाकलं: पाचांत चारदा लाल.
तैमीने मला मिठी मारली.
सात वर्षांत पहिल्यांदा,
आणि एका चुकीसाठी.

दुरुस्ती मात्र घाईची झाली.
वहीला एक कुलूप, फळ्यांच्या यादीला दुसरं.
सोमवारी गिरणी नुसती उभी.
धूर नाही, लाल दिवा नाही, तक्रार नाही.
एक धागा वहीचं कुलूप धरून यादीसाठी थांबलेला,
दुसरा यादीचं धरून वहीसाठी,
दोघेही सुतासारखे सरळ,
जन्मभर थांबायला तयार.
मग नियम केला: आधी वही, मग यादी,
कोणीही असो.

त्यानंतर सहा हजार फेऱ्या, सगळ्या हिरव्या.
साहेबांनी विचारलं, आता चूक नाही ना?
मी अहवालात लिहिलं: आढळली नाही.
त्यांनी 'आढळली' खोडायला सांगितलं.
मी खोडलं नाही.
त्या एका शब्दात
एक ओंडका आरामात मावतो.

हेइमोला सांगायला मी स्वतः गेले.
भुशाने पिवळा झालेला तो ऐकत राहिला.
"म्हणजे दोघांच्या हातात खडू होता," म्हणाला.
मी म्हटलं, हो. आणि माफ करा.

तो पट्ट्याकडे बघत होता.
मग जाकिटाच्या खिशातून
एक कोरी चष्म्याची डबी काढली.
तुझ्या फोननंतर तोर्नियोला जाऊन
डोळे तपासून आलो, म्हणाला.
नंबर तोच निघाला.