शेरा

कंपनीने छापलेला फॉर्म आहे, पिवळा.
वर लिहिलंय: सोबती योजना, सातपूर प्लांट.
खाली मी, यामिनी खैरनार, मशीन शॉप, चार वर्षं.
माझ्याखाली ती, हेमलता भोये, राहणार सुरगाणा, नवीन.
आठवड्याला एक तास.
काय शिकवलं? रकाना दोन बोटांचा.

पहिल्या सोमवारी मी लिहिलं, मायक्रोमीटर.
खरं तर त्या तासात आम्ही
लेडीज टॉयलेटच्या दाराला सुतळी बांधली
(कडी मी लागले तेव्हापासून लोंबतेय)
आणि मी तिला सांगितलं,
साहेब विनोद करतात तेव्हा
हसायलाच पाहिजे असं काही नाही.

ती काही विचारायची नाही.
नुसती मान. हो ताई, हो ताई.
ही मान माझ्या ओळखीची होती.
मला कोणी नेमून दिलं नव्हतं.
पहिल्या महिन्यात सतरा नग भंगारात घातले
आणि कूलंटच्या पिंपाआड उभं राहून
डोळ्यात कीस गेलाय म्हणायचे.

चौथ्या आठवड्यात मी शिकवणं सोडलं.
तिला स्टोअरमागे नेलं, फळीखालचं पोतं ओढलं,
म्हटलं, मोज. सतराच आहेत.
ती पहिल्यांदा हसली.
मग हळूच,
"ताई, शून्य नेमकं कुठून धरायचं?"

हाच.
चार वर्षं माझ्या घशात राहिलेला.

मार्चात, रात्रपाळीला, तिने एकदम हात वर केला.
ड्रिल वेगळं बोलतंय म्हणाली.
मला काही ऐकू येईना.
नागली दळताना खडा आला
की आमचं जातं असंच बोलतं, म्हणाली.
मी जरा फणकाऱ्यानेच मशीन थांबवलं.
ड्रिलच्या टोकाचा टवका उडाला होता, नखाएवढा.
त्या आठवड्याच्या रकान्यात
काय लिहायचं कळेना,
मी पुन्हा मायक्रोमीटर लिहिलं.

आता फॉर्म संपलाय. सोबत्याचा शेरा, सही, तारीख.
शेरा कोराच ठेवून सही केली.

पपया नर्सरीच्या स्टॉपवर बस चुकली आमची.
जूनला नवी मुलगी येतेय, निफाडची,
तिच्या फॉर्मवर वरच्या ओळीत हेमलता.
बॅगेचा बंद बोटाला गुंडाळत तिने विचारलं,
"ताई, आधी सुतळीचं सांगू की मायक्रोमीटरचं?"

म्हटलं, सुतळी सोड.
उद्या येताना एक कडी घेऊन ये, आणि चार स्क्रू.
पैसे अर्धे अर्धे.