बर्फ होता, मी नव्हतो

पहिलं वर्णन एका ओळीचं होतं:
'बर्फाची माहिती देते.'
लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला.
ओळ मागे राहिली,
खुंटीला लटकणाऱ्या किल्लीसारखी,
कुठल्या कुलपाची ते न सांगता.

हापसालूची कचेरी, फेब्रुवारी, उणे एकोणीस.
रॉकेलच्या टँकरवाल्याने फोनवर टाइप केलं:
बेटावर आज गाडी नेता येईल का?
एजंटपाशी अकरा साधनं.
त्याला समुद्र दिसत नाही,
दिसतात फक्त अकरा वर्णनं.
त्याने ती वाचली, त्यातलं एक उचललं,
आत आजचा रकाना कोरा.
कोऱ्याचं त्याने शून्य केलं
आणि अत्यंत अदबीने कळवलं:
'बर्फ नाही. पाणी उघडं आहे.'

त्या उघड्या पाण्यावर तेव्हा
दोन पोरं घसरगाडी ओढत होती,
मागे एक कुत्रं.
टँकरवाला हसला, मग तीन तास काठावर थांबला,
कारण यंत्राचं ऐकू नये असं
त्याला कुणी लेखी दिलं नव्हतं.
बेटावरच्या शाळेत मुलं कोट घालून गणितं सोडवत बसली.

सगळे एजंटवर घसरले.
विर्वे रन्नामेट्स म्हणाली, त्याला सांगितलं कोणी?
पाहुण्याला पत्ता द्यायचा 'तिकडेच, चर्चच्या मागे कुठेतरी',
आणि तो चुकला की त्यालाच हसायचं.

मग तिने एंडेलला फोन लावला.
बाहत्तर वर्षांचा एंडेल रोज सकाळी सातला
बर्फाला भोक पाडतो, काठी घालतो, आकडा लिहितो.
सोळा तारखेचं कोरं का?
पलीकडे बराच वेळ केटलीचा आवाज.
'गेलो नाही.'
बर्फ नव्हता?
'बर्फ होता. मी नव्हतो.'
का, ते तिने विचारलं नाही.

दुपारभर ती खोडत बसली.
आधी लिहिलं 'काळजीपूर्वक वापरावे'. पुसलं.
काळजी घे म्हटल्याने काळजी घेतलेलं
तिने आजवर कुणी पाहिलं नव्हतं.
मग 'ताजी माहिती'. ताजी म्हणजे केव्हाची? तेही गेलं.
संध्याकाळी उरलं ते असं:

'बेटाच्या रस्त्यावरच्या बर्फाची जाडी देते, सेंटिमीटरमध्ये.
मोजणी रोज सकाळी सातला, एकाच जागी, एका माणसाकडून.
तारीख दिलीच पाहिजे; न दिल्यास अंदाज करू नये, विचारावी.
रकाना कोरा असेल तर तो शून्य नव्हे:
त्या दिवशी कुणी मोजायला गेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.
रस्ता खुला आहे की बंद, हे या साधनाला कळत नाही.
त्यासाठी बंदर कचेरीचं साधन वापरावं.'

कारेल म्हणाला, केवढं लांब.
तिने मान हलवली, शेवटच्या ओळीतला
एक 'कृपया' तेवढा काढून टाकला.

दोन मार्चला रकाना पुन्हा कोरा.
टँकरवाल्याचा तोच प्रश्न.
या खेपेला उत्तर आलं:
'आज मोजणी झालेली नाही. काल चव्वेचाळीस होती.
रस्ता बंदर कचेरीने साडेसातला खुला केला आहे.'
टँकर गेला. शाळेत कोट खुंटीला लागले.

विर्वेच्या पडद्यावर सगळं बरोबर होतं.
तरी ती त्या कोऱ्या चौकोनाकडे बघत राहिली,
स्वतःच लिहिलेली ओळ आठवत,
आणि गाडीची किल्ली घेऊन उठली.
वाटेत राईची एक पावरोटी घेतली.

एंडेलने दार उघडलं, हाताला तेल, मांडीवर फडकं.
'ड्रिलचं पातं मोडलंय,' तो म्हणाला.
'एवढ्यासाठी आलीस?'
मग बाजूला सरकून त्याने तिला आत घेतलं.
टेबलावर दोन कप होते, एक पालथा घातलेला.
त्याने तो सरळ केला.