फाईल प्रोसेसमध्ये आहे

वाशीला, सेक्टर सतरात, चौथ्या मजल्यावर
मी अकरा महिने एक वाक्य बोलायचे.
पगार बारा हजार, वाक्य एकच:
फाईल प्रोसेसमध्ये आहे.

सकाळी सरांच्या टेबलाची काच पुसायची,
काचेखालचं ते लाल पान,
पाच देशांचे टीचभर झेंडे.
एखादा काठीतून निसटला की
फेविक्विकनं चिकटवायचा तो देश.
भिंतीवर सर, वकिलाच्या काळ्या कोटात.
कोट भाड्याचा.
सानपाड्याला परत करायला मीच गेले होते,
डिपॉझिट मोजून घेतलं, पावतीवर सही केली.
हो, कोटाची पावती होती.

लोक यायचे.
कामोठ्याची नर्स सुवार्ता साळवे,
रात्रपाळी संपवून थेट, डोळे लाल,
ऐरोलीचा एक फिटर, आईच्या पाटल्यांचे पैसे
मिठाईच्या डब्यात घालून.
सर नोटा मोजायचे नाहीत.
“विश्वास आहे,” म्हणायचे,
आणि ते लिफ्टमध्ये शिरले की मोजायचे.
जाताना प्रत्येक जण माझ्याकडे बघायचा,
सरांकडे नाही.
“ताई, होईल ना?”
मी मान हलवायचे.
मान हलवायचा पगार वेगळा नव्हता.

मग एका मंगळवारी घणसोलीचे जोमा मढवी आले.
नातवाला कॅनडा. साडेबारा टक्क्यांचा प्लॉट विकून
आलेल्यातला पहिला हप्ता पिशवीत,
पिशवी पोटाशी, तान्ह्या पोरासारखी.
मी पाणी दिलं. ते म्हणाले,
“तुझी आई कुठली गो?”
सात महिन्यांत मला कुणी काही विचारलं नव्हतं
फायलीशिवाय.

टोकनच्या चिठ्ठीमागे मी लिहिलं, घाईत, वेडंवाकडं:
रोख देऊ नका. पावती मागा.
वकील म्हणवतात, तर सनद दाखवा म्हणा.
चिठ्ठी त्यांच्या मुठीत कोंबली
आणि फोन उचलला, जो वाजत नव्हता.

चष्मा ते घरी विसरले होते.
खाडीवर हाक मारून घडलेला आवाज,
काचेच्या दारातून स्वच्छ आला:
“साहेब, जरा वाचून दाखवा,
पोरीनं काय लिवलंय?”

माझ्या हातातला फोन गार.
आत बराच वेळ एसीच बोलत होता.
मग सर म्हणाले, “काही नाही काका.
तुमचा नंबर लिहिलाय. चार.”

“चार?” जोमा म्हणाले.
“एवढ्या ओळी, न नंबर चारच?”
खुर्ची सरकली.
“जमीन गेली तवा माझ्या बापाला
असाच एक साहेब कागद वाचून दाखवत व्हता.”
ते बाहेर आले. पिशवी तशीच पोटाशी.
माझ्याकडे बघितलंही नाही.
लिफ्ट बंद होती, जिन्यानं उतरले,
चप्पल तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येत होती.

मला त्याच दुपारी काढलं.
अकरा दिवसांचा पगार मागितला तर सर म्हणाले,
“कसला पगार? नेमणुकीचं पत्र आहे?”
नव्हतं.
घरी येऊन मी ट्रंक उपसली, उगाचच,
जणू मला ते कधी मिळालं होतं
आणि मीच कुठेतरी ठेवून विसरले होते.

पुढच्या महिन्यात ऑफिसला कुलूप होतं.
कुणी सांगतं, आता बेलापूरला आहे, नाव वेगळं,
झेंडे सात.

सुवार्ताचा फोन अजून येतो,
रात्री अडीचला, वॉर्ड शांत झाल्यावर.
दोनदा उचलला नाही.
काल उचलला.
ती म्हणाली, “ताई, सॉरी हं, झोपला होतात का?
माझी फाईल...”
माझं तोंड सवयीनं उघडलं.
ते वाक्य जिभेच्या टोकावर होतं, गुळगुळीत, तयार.
पलीकडे कुठलंतरी मशीन टिक टिक करत होतं.
मी म्हणाले, “सुवार्ता, बस जरा.
आणि पैसे दिल्याचं जे काही असेल,
मेसेज, तारखा, चिठोरी, सगळं काढून ठेव.
सकाळी पोलीस ठाण्यात जाऊ.
काय पाहिलं ते मी लिहून देते.
खाली माझी सही करते.”

ती काहीच बोलली नाही.
मशीन तेवढं चालू होतं.