खोडलेला नऊ

चोडणच्या बांधावर कधीकाळी भरतीची वही असायची.
कायतान कारकून रोज पट्टी वाचायचा,
पाल्मात, पोर्तुगीज वळणाच्या आकड्यांत.
वाळवीनं समास खाल्ला, आकडे सोडले.
मी ते संगणकात भरते, पणजीत, दुसऱ्या मजल्यावर.
एका तारखेला एकच चौकट.

अष्टमीपुढे नऊ लिहिलेला.
त्यावर आडवी रेघ, बारीक, हात न थरथरता ओढलेली,
आणि शेजारी सहा.

भांगेला नऊ पाल्म पाणी चढत नाही,
हे चोडणात शेंबडं पोरही सांगेल.
मग डोळ्यांनी काय पाहिलं होतं?

फेरीबोटीत मी आणि निर्झरा भांडत गेलो.
मला हवा होता रेघ ओढणारा:
त्याचा साहेब, त्याचा पगार, त्या दिवशीचा ताप.
ती म्हणाली, माणूस सापडेल गं,
पण पट्टीपेक्षा पंचांग खरं
हे कोणत्या पट्टीनं मोजलं त्यानं?
मी म्हटलं, तेच तर शोधतेय.
ती म्हणाली, नाही, तू नाव शोधतेयस.
मला राग आला, कारण थोडं खरं होतं.

बांधावर बोस्तियांव गुडघाभर चिखलात.
इथे पाण्याच्या दाराला मानस म्हणतात.
आम्ही दोघी त्या शब्दाशी जरा थबकलो,
तो नाही.
भरती दार लोटून बंद करते,
ओहोटी तेच दार उघडते.
‘आपशींच,’ तो म्हणाला. आपोआप.
मग तुम्ही काय करता?
‘फटीत अडकलेलं काढतो. आणि कुल्ल्यांची बिळं बुजवतो.
बांध लाटेनं फुटत नाही, बाय,
बोटभर बिळानं फुटतो.’

नऊचं विचारलं.
त्याचा पणजा सांगायचा म्हणे,
एका अष्टमीला बांध गेला, शेतात मीठ,
तीन वर्षं भाताचा दाणा नाही.
कुठली अष्टमी?
त्यानं हात पुसले. ‘पणजा फेणी प्यायचा.’

परतताना निर्झरा बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, नऊ उलटा केला की सहा होतो.
कदाचित वही उलटी धरली असेल,
एवढंच.
आम्ही हसलो. मांडवी काळी, सपाट,
कुणाच्याच बाजूची नाही.

आज चौकटीपुढे बसले आहे.
सहा लिहिलं, तर रेघ पुसते मी.
नऊ लिहिलं, तर कायतानला.
दोन्ही लिहिले, यंत्रानं परत केले:
एकच संख्या द्या.

शेऱ्याच्या रकान्यात, जो कुणी वाचत नाही, लिहिलं:
इथे एक बीळ आहे.
बुजवू नये.