वगळलेले नमुने : एक

प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात, तक्त्याखाली,
बारीक अक्षरात एक ओळ आहे :
वगळलेले नमुने : एक.
तो मी.

मे महिना. मेडिकलच्या तिसऱ्या मजल्यावर
कूलर नुसताच घरघरत होता, पाणी आलं नव्हतं.
निरोगी गटात पन्नास हवे होते, भरले एकोणपन्नास.
पन्नासावा वॉर्डबॉय सुई बघून पळाला
तो थेट क्रीडा चौकापर्यंत, असं बागडे सिस्टर सांगतात.
पाचला सरांचा फोन, "झाले का पन्नास?"
"झाले," म्हटलं, आणि बाही वर केली.

चाचणी अगदी साधी आहे.
नळीत द्रावण, त्यात रक्ताचा थेंब,
नळीमागे कागदावर काळ्या रेघा.
रेघा दिसल्या तर तुम्ही सुटलात.
चार वर्षं मी त्या रेघा बघतेय,
कुहीच्या, भिवापूरच्या, देवलापारच्या माणसांच्या आरपार.
माझ्या नळीत धुकं उतरलं.

द्रावण जुनं असेल. पुन्हा केली.
नळी धुतली, पुन्हा केली.
मग जेलवर लावलं. लाइट दोनदा गेली,
नाहीतर नऊलाच कळलं असतं.
साडेदहाला दोन पट्टे उमटले,
एका घरात अबोला धरून राहणाऱ्या
जावांसारखे.

वाहक.
हा शब्द मीच किती जणींना समजावला,
शाळेच्या व्हरांड्यात, सतरंजीवर, माइक बंद पडला तरी :
वाहक म्हणजे आजारी नाही, बाई.
हे पिवळं कार्ड जपून ठेवा.
फक्त लग्नाआधी समोरच्याचं रक्त तपासा.
देवलापारला एका म्हातारीनं विचारलं होतं,
"अन् तुहं कार्ड कोठी हाये, मॅडम?"
सगळे हसले होते. मीही.

सर म्हणाले, "गटात बसत नाही. वगळ, दुसरा आण."
शास्त्राला धरून बरोबरच होतं.
दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या उमरेडकरांनी हात पुढे केला,
वर म्हणाले, "त्यातच शुगरपण पाहून घ्या ना."
आकडे जुळले.

रात्री आईला विचारलं, नरेशकाका कशानं गेले गं?
"वातानं. हाडं दुखायची त्यांची. जेवलीस का तू?"

रविवारी सुगत आला,
मेडिकल चौकात, चहाच्या टपरीपाशी,
हॉलची तारीख घेऊन : एकवीस नोव्हेंबर.
मी पर्समधून जांभळ्या झाकणाची नळी काढली.
टेबल नव्हतं, त्याच्या स्कूटरच्या सीटवर ठेवली.
सीट चटका देत होती, नळी घरंगळली, त्यानंच धरली.
"दोन मिली पाहिजे," म्हटलं.
तो नळीवरचं कोरं लेबल वाचत राहिला,
मग बाहीचं बटण काढायला लागला.
"काऊन" हे त्यानं
नंतर विचारलं.