जागा

उलानबातरला जानेवारीत
पाच वाजताच दिवस धुरात बुडतो.
टेकडीवरच्या नमद्याच्या तंबूंतून
कोळसा श्वास सोडतो,
तो श्वास रस्ता ओलांडून
बाल-रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर
लिफ्टशिवाय पोचतो.

अतिदक्षता विभागात खाटा बारा.
गेल्या हिवाळ्यात सहा होत्या.
त्याआधी चार, आणि त्यातली एक
बहुतेक रिकामीच,
तिच्यावर दुलमा चादरींच्या घड्या घालायची.

आता तेरावी खाट भांडारात,
चौदावी जिन्याखाली.
प्राणवायूची नळी तिथवर यावी म्हणून
चोइजिलनं भिंतीला भोक पाडलं,
रात्री, घरून आणलेल्या ड्रिलनं.
अजून कुणी पंधरावीचं बोललेलं नाही,
पण सगळेच येता-जाता
स्वच्छतागृहाबाहेरचा कोपरा
नजरेनं मोजतात.

फोन दारखानहून. मग नालाइखहून.
मग पुन्हा नालाइखहून.
"जागा झाली का?"
"सकाळी बघू," दुलमा म्हणते.
सकाळ हा शब्द तिच्या तोंडात
वॉर्डातल्या उशीसारखा चपटा झालाय.

बाहेर बाकावर त्सेवेलमा, तीन दिवस.
थर्मासात दूध-चहा, गार.
नातू आत, सात नंबरला, चौदा महिन्यांचा.
दार उघडलं की ती अर्धी उठते,
"जागा झाला का?"

ही कविता ज्या भाषेत आहे
तिथे या दोन प्रश्नांमध्ये
काना की वेलांटी, एवढंच अंतर.
दुलमाच्या भाषेत ते शब्द दूरदूरचे.
तरी तिला ठाऊक आहे,
पहिल्या प्रश्नाला हो म्हणायचं तर
आतल्या कुणीतरी
दुसऱ्याला हो म्हणावं लागतं.
किंवा कायमचं नाही.

पहाटे चारला नऊ नंबरचा पडदा ओढला गेला.
नियमानं दहा मिनिटांत कळवायचं.
दुलमानं पंचवीस घेतली.
आईला बाळाचे मोजे घालू दिले,
एक उलटा गेला, तो सुलट करू दिला.
फोन वाजत होता.
वाजू दिला.

मग उचलला.
"हो," ती म्हणाली. "आणा."

काचेपलीकडे त्सेवेलमानं
तेवढा एक हो ऐकला,
आणि थर्मास बाकावरच ठेवून
ती पूर्ण उभी राहिली.