नख अडकतं का

आधी दिवा, जुम्बेर म्हणतो, मग हात.
रुस्तावीच्या गाडीबाजारामागं, चौदा नंबरच्या गाळ्यात
शटर अर्ध्यावर ओढून तो दिवसाला बाहेर ठेवतो
आणि काळ्या गाडीच्या बोनेटवर दिवा धरतो.

लगेच जाळं दिसतं.
हजार बारीक ओरखडे, दिव्याभोवती फेर धरलेले,
जणू कुणी उजेड रवीनं घुसळलाय.
दिवा सरकवला की जाळंही सरकतं.
"गोल नाहीतच ते," तो सांगतो, "वाटेल तसे पडलेत,
आडवे, तिरपे, मळक्या फडक्यानं, धुलाईच्या ब्रशानं.
गोल करतो तो दिवा."
पहिल्या वर्षी हे मी ऐकलं आणि विसरलो.

गाडी पोतीच्या बंदरात उतरली. त्याआधी समुद्र,
त्याआधी अमेरिकेतली कुठली तरी गल्ली.
चेपलेलं तोंड गुरामनं सरळ केलं.
सीटखाली निघालं केसांचं एक रबर
आणि अर्धं बिस्कीट, दगड झालेलं.

कडांना टेप लावायची. कडेवर रंग पातळ असतो,
माणसाचाही असतो, म्हणणार होतो, पण जुम्बेरपुढं
असली वाक्यं खपत नाहीत.
पॅडवर चार थेंब, वाटाण्याएवढे.
मशीन आधी टेकवायचं, मग चालू करायचं.
उलट केलंस तर भिंत रंगते. मी रंगवली आहे.
हळू. हातभर चौकोन. आधी आडवं, मग उभं,
ओटा सारवावा तसं, मागच्या पट्ट्यावर पुढचा पट्टा
अर्धा चढवत.

मला वाटायचं, ओरखडा आपण काढतो.
ओरखडा काढता येत नाही.
तिथं काही नाही, तोच तर ओरखडा.
नसलेलं काय काढणार?
आपण त्याच्या भोवतीचं सगळं धडधाकट
झिजवत झिजवत
त्याच्या तळापर्यंत खाली आणतो.
मग तो दिसत नाही.
एवढंच.

डाव्या मागच्या दारावर, मुठीच्या खाली,
लहान मुलाचा हात पोचेल तिथं, चार अक्षरं.
खड्यानं काढलेली. तिसरं उलटं.
आमच्या लिपीतली नाहीत; मला थोडी लागतात,
जुम्बेरला लागत नाहीत, आणि त्यानं विचारलंही नाही.
मापक टेकवलं: छत एकशे अठरा मायक्रॉन,
बोनेट एकशे बारा,
इथं एक्क्याऐंशी.

"कुणीतरी आधीच बसलं होतं इथं," तो म्हणाला.
"बराच वेळ.
आणि मग थांबलं."

मशीन बंद. त्यानं तर्जनीला फडकं गुंडाळलं,
सहाणेवरचं शेवटचं गंध निपटावं इतक्या हलक्या बोटानं
अक्षरांच्या कडा फक्त बोथट केल्या.
धार गेली की उजेडाला ठेच लागत नाही.
तासभर गेला असेल. रेडिओवर फुटबॉल चालू होता.
आम्ही हरत होतो.

शनिवारी ग्युम्रीहून ह्राचिक आला, मोबाइलची टॉर्च पेटवून.
बैलाचे दात बघावेत तशी त्यानं गाडी बघितली,
वाकून, ओणवा होऊन, शेवटी गुडघे टेकून.
डाव्या दाराशी थबकला. अंगठ्याचं नख लावलं,
ओढलं, मग उलट दिशेनं पुन्हा एकदा.
मी जुम्बेरकडे पाहिलं. तो फडकी पिळत होता,
कोरडी फडकी.

"नख अडकत नाही," ह्राचिक म्हणाला.
टॉर्च विझवली. परत लावली.
"कुणाचं नाव आहे?"

जुम्बेर म्हणाला,
दोनशे कमी दे.